घरी एमएसचा पेशंट : करणाऱ्यांचे प्रश्न

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मेंदूतल्या, मज्जारज्जूतल्या आणि डोळ्याच्या नसांवरचं मायलिन नावाचं आवरण खराब करते. बहुतेकांना तो वीस ते चाळीस या वयात गाठतो, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. या वेळी आलेली पत्रं मात्र पेशंटची कमी आणि त्यांचं करणाऱ्यांची जास्त आहेत. औषधाचं नाव कुणी फारसं विचारलेलं नाही. उठवायचं कसं, लघवीचं काय, उन्हाळा कसा काढायचा, असे रोजचे प्रश्न आहेत. दवाखान्यात दहा मिनिटांत याची उत्तरं मिळत नाहीत, म्हणून इथे सविस्तर देत आहोत.

प्रश्न : मिस्टरांना सहा वर्षांपासून एमएस आहे, वय ४१. मे महिना लागला की दुपारी पाय लुळे पडतात, नजर धुरकट होते. आंघोळ झाल्यावर पलंगापर्यंतही येववत नाही. संध्याकाळी पुन्हा बरं वाटतं. दरवेळी हा अटॅकच असतो का? सलाईन लावायला न्यावं का?
– एक भगिनी, मानेवाडा

उत्तर : तुम्ही लिहिलंय त्यावरून हा अटॅक वाटत नाही, उष्णतेचा परिणाम वाटतो. मायलिन झिजलेल्या नसेतून संदेश कसाबसा जात असतो. शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी तो अडतो. शरीर थंड झालं की पुन्हा जाऊ लागतो. ऊथहोफ या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्ये ही गोष्ट नोंदवली, तेव्हापासून तिला त्यांचंच नाव आहे. यात नसेला नवी इजा होत नाही, हे मिस्टरांनाही सांगा. दर दुपारी आजार वाढतोय असं वाटत राहिलं तर माणूस खचतो.

खरा अटॅक ओळखायचा तो असा. नवीन त्रास सुरू झाला किंवा जुना त्रास स्पष्ट वाढला, तो २४ तासांहून जास्त सलग टिकला, थंड खोलीत आराम करूनही उतरला नाही, आणि ताप किंवा इन्फेक्शन नाही. असं असेल तर न्यूरॉलॉजिस्टना त्याच दिवशी फोन करा. सलाईनमधून देतात ते बहुधा मिथाइलप्रेडनिसोलोन नावाचं स्टेरॉइड असतं, रोज १ ग्रॅम, तीन ते पाच दिवस. त्यानं सुधारणा लवकर होते, पण शेवटी किती सुधारणा होईल हे सहसा त्यावर ठरत नाही. म्हणून शंका आली की लावा सलाईन, असं करू नये. आधी लघवीची तपासणी आणि रक्तातली साखर बघायलाच हवी. लघवीत इन्फेक्शन असेल तर तेच पायातलं बळ घालवतं, आणि त्यावर स्टेरॉइड दिलं तर इन्फेक्शन वाढतं.

आता आंघोळ. पाणी कोमट, हाताला जेमतेम गरम लागेल इतकंच. नागपुरात मेमध्ये दुपारी छतावरच्या टाकीचं पाणीच कढत येतं, तेव्हा सकाळी सहाला आंघोळ उरका किंवा बादली रात्रीच भरून घरात ठेवा. आंघोळ बसून, आणि उठण्याआधी पाच मिनिटं पंख्याखाली तसंच बसणं. प्लास्टिकची साधी खुर्ची न्हाणीघरात वापरू नका. ओल्या फरशीवर तिचे पाय बाहेर सरकतात आणि खुर्ची माणसासकट बसते. रबरी बुटांची शॉवर चेअर घ्या. भिंतीला धरायला दांडी लावायची तर ३२ ते ३८ मिमी जाडीची, भिंतीत अँकर बोल्टने पक्की केलेली. टॉवेलची दांडी वजन पेलत नाही, ती उपटून हातात येते.

कूलर लावताना समोरची एक खिडकी उघडी हवी. खिडक्या बंद ठेवून कूलर चालवला तर खोलीत दमट हवा साठते आणि घाम वाळत नाही. कोरड्या मे महिन्यात कूलर उत्तम काम करतो. जुलैत हवेतच ओल असते, तेव्हा त्याचा उपयोग जवळपास संपतो. एसीला एकाच खोलीपुरते पैसे असतील तर तो पेशंटच्या खोलीत लावा. व्यायामाआधी बर्फाचं पाणी घोट-घोट प्यायल्यानं आणि मानेवर ओला दुपट्टा ठेवल्यानं बराच फरक पडतो. आइसपॅक कापडात गुंडाळून, एका जागी दहा मिनिटांपेक्षा जास्त नाही, कारण एमएसमध्ये त्वचेला कळणं कमी झालेलं असू शकतं आणि बर्फानं भाजतं तेही समजत नाही. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, असो-नसो, अंग तापलेलं असताना माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा गुंगीत गेला तर तो एमएस समजू नका. तो उष्माघात समजा आणि अंगावर पाणी मारत ताबडतोब दवाखान्यात न्या.

प्रश्न : बायकोला पलंगावरून खुर्चीत घेताना काखेत हात घालून उचलतो. माझी कंबर गेली आणि तिचा खांदा दुखतो. ती जड नाही, ५२ किलो आहे. तरी असं का होतं?
– एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : कारण तुम्ही तिला उचलताय. हे काम उचलण्याचं नाही, वळवून बसवण्याचं आहे. काखेतून ओढलं की तिचं सगळं वजन कमजोर खांद्याच्या सांध्यावर येतं आणि तुमची पाठ वाकलेली असताना पिळली जाते. दोघांचंही दुखणं त्यातूनच आलंय.

आधी उंची जुळवा. ती पलंगाच्या कडेला बसली की पाय सपाट जमिनीला टेकले पाहिजेत आणि मांड्या गुडघ्यांच्या बरोबरीनं किंवा किंचित वर असल्या पाहिजेत. साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर उंची बहुतेकांना चालते. पलंग बुटका असेल तर सुताराकडून चार लाकडी ठोकळे करून घ्या, पण पाय बसायला वर खाच कोरलेली हवी, नाहीतर पलंग घसरतो. मग एक पट्टा घ्या, सुमारे ५ सेंटिमीटर रुंद, पक्क्या बकलचा, तिच्या कमरेला कपड्यांवरून. धरायचं ते पट्ट्याला.

व्हीलचेअर तिच्या चांगल्या बाजूला, पलंगाशी तिरकी लावा. दोन्ही ब्रेक लावा, पायठेवणी काढून किंवा दुमडून टाका. आपल्याकडे पडण्याचे कितीतरी प्रसंग या विसरलेल्या ब्रेकपायी येतात. तिला पुढे सरकवून कडेला आणा, तिची पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्या. तुम्ही समोर, पाय फाकवून, गुडघे वाकवून उभे राहा आणि तुमच्या गुडघ्यानं तिचा कमजोर गुडघा पुढून अडवा. आता तिला पुढे झुकायला सांगा, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं. सगळी गंमत या झुकण्यात आहे, कारण झुकलं की पार्श्वभाग आपोआप हलका होतो. एक-दोन-तीन म्हणून दोघं एकदम. ती उभी झाली की पाठीला पीळ न देता लहान-लहान पावलं टाकत वळा. खुर्ची तिच्या पोटऱ्यांना मागून लागली की मगच खाली बसवा. तिनं हात तुमच्या गळ्यात घालू नयेत, खुर्चीच्या हाताकडे न्यावेत.

पाय अजिबात भार घेत नसतील तर हा मार्ग सोडा. तेव्हा सरकफळी वापरतात : ६० ते ७५ सेंटिमीटर लांब, १८ मिमी प्लायवूडची, कडा गोल घासलेली, पॉलिश केलेली. पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये ती टाकून बसल्या-बसल्या सरकवत न्यायचं. त्यासाठी खुर्चीचा हात निघणारा हवा. पहिल्या दोन-तीन वेळा फिजिओथेरपिस्ट समोर असू द्या.

पडलीच तर लगेच उठवू नका. डोकं आपटलं का, कुठे तीव्र दुखतंय का, पाय वाकडा दिसतोय का, हे आधी बघा. काही नसेल तर तिला कुशीवर, मग हातागुडघ्यांवर येऊ द्या आणि समोर पक्की खुर्ची ठेवा. ते जमत नसेल तर शेजारच्या दोघांना बोलवा आणि जाड चादरीवर घेऊन तिघांनी मिळून उचला. एकट्यानं प्रयत्न करून तुमची कंबर कायमची गेली तर उद्या दोघांचं करायला कोण आहे?

प्रश्न : पायांच्या कडकपणासाठी भावाला बॅक्लोफेन चालू आहे. गोळी वाढवली की पाय मऊ पडतात पण उभंच राहता येत नाही. बंद करावी का?
– सक्करदरा

उत्तर : एकदम बंद मुळीच करू नका. बॅक्लोफेन अचानक थांबवलं तर झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात. गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी आणून ठेवा. उभं न राहता येण्याचं कारण असं की कमजोर पायाला तो कडकपणाच काठीसारखा आधार देत असतो. डोस इतकाच हवा की पेटके थांबतील आणि उभं राहता येईल. तो हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्यानं जुळवून घ्यायचा. कडकपणा अचानक वाढला तर आधी कारण शोधा : तुंबलेली लघवी, तीन दिवस न झालेलं पोट, आत रुतलेलं नख, घट्ट मोजा, कमरेवरची सुरू झालेली जखम. शरीराला दुखतंय पण कळत नाही, तेव्हा ते अशा कडकपणातून बोलतं. पोटऱ्यांचा ताण रोज दोनदा, प्रत्येक पायाला ३० सेकंद ते एक मिनिट, सावकाश. हिसके देऊन ताणलं की कडकपणा उलट वाढतो.

प्रश्न : सुनेला लघवी थांबवता येत नाही. वारंवार कपडे बदलावे लागतात म्हणून आम्ही दुपारनंतर पाणी कमी देतो. तरी महिन्याला इन्फेक्शन होतंच. काय चुकतंय?
– एक सासूबाई, महाल

उत्तर : काकू, पाणी कमी करणं हेच चुकतंय, आणि हे बहुतेक घरांत होतं. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला जास्त टोचते आणि घाई उलट वाढते. सोबत पोट घट्ट होतं आणि भरलेलं आतडं मूत्राशयाला दाबतं. एरवी दिवसाला दीड ते दोन लिटर आणि नागपूरच्या उन्हाळ्यात त्याहून जास्त पाणी लागतं, लघवी फिकट पिवळी राहील इतकं. ते दिवसभरात वाटून द्या, झोपण्याच्या दोन तास आधी कमी करा. चहा दोन कपांवर आणा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. एमएसमध्ये मूत्राशय दोन प्रकारे बिघडतं : नीट साठवत नाही, किंवा नीट रिकामं होत नाही. कित्येकदा दोन्ही. रिकामं होत नसेल तर उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. म्हणून सोनोग्राफी सांगताना, लघवी करून आल्यावर किती उरते तेही मोजा, असं स्पष्ट म्हणा. साधारण १०० मिलीहून जास्त उरत असेल तर डॉक्टर बहुधा दिवसातून ठरावीक वेळा स्वच्छ नळी घालून रिकामं करायला शिकवतात. ही नळी कायम ठेवलेल्या कॅथेटरपेक्षा बरी, त्यात इन्फेक्शन कमी होतं. सुनेचे हात चालत असतील तर तिनं स्वतः शिकावं, आरशाच्या मदतीनं जमतं. ते तिच्या हातात राहणं तिलाही बरं वाटेल. घाई थांबवायची गोळी मात्र हे मोजल्याशिवाय सुरू करू नये, कारण रिकामं न होणारं मूत्राशय त्या गोळीनं आणखी तुंबतं.

थंडी वाजून ताप, लघवीला वास, कमरेत दुखणं, किंवा पायातलं बळ एकाएकी जाणं, यातलं काही दिसलं तर लघवीचं कल्चर, म्हणजे कोणते जंतू आहेत ती तपासणी, पाठवा आणि मगच अँटिबायोटिक. जुनी उरलेली गोळी परत देऊ नका.

त्वचेकडेही रोज संध्याकाळी बघा. माकडहाड, कुल्ले, टाचा. लाल डागावर बोट दाबून सोडलं आणि तो पांढरा पडला नाही, तर त्या जागेवरचा भार पूर्ण काढा. तिथे मालिश करू नका. मधे भोक असलेली हवेची रिंग बसायला देऊ नका, तिच्या कडांनी रक्तपुरवठा अडतो. अंथरुणावर साधारण दोन तासांनी कूस बदला, खुर्चीत दर अर्ध्या तासाला थोडं उचलून किंवा बाजूला झुकवून भार हलवा.

प्रश्न : अपंगत्वाचं प्रमाणपत्र एमएसला मिळतं का? बहीण त्या दिवशी चालत गेली तर टक्के कमी देतील अशी भीती आहे.
– हुडकेश्वर

उत्तर : मिळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि मल्टिपल स्क्लेरोसिस त्यात नावानिशी आहे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. आधार, फोटो, राहण्याचा पुरावा आणि वैद्यकीय कागद लागतात. लाभांसाठी ४० टक्के ही रेष महत्त्वाची. कार्डाचा रंगही टक्क्यांवरून ठरतो : ४० पासून ८० च्या खालपर्यंत पिवळा, ८० आणि वर निळा.

एमएस रोज एकसारखा नसतो, हे टक्के ठरवणाऱ्या वैद्यकीय बोर्डाला कागदावरून कळलं पाहिजे. एमआरआयचे सगळे रिपोर्ट, अटॅकच्या वेळची डिस्चार्ज कार्डं, आणि न्यूरॉलॉजिस्टचं ताजं पत्र सोबत न्या. पत्रात किती मीटर न थांबता चालते, आधार लागतो का, नजर, लघवी, हातांचं काम, आणि उष्णतेनं काय होतं, हे लिहून मागा. "एमएस आहे, उपचार चालू" एवढ्या एका ओळीच्या पत्रानं टक्के ठरत नाहीत. न चालल्याचं सोंग करू नका. खरी गोष्ट पूर्ण सांगा, थकल्यावरचीही. आजार बदलता असल्यानं प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचंही मिळू शकतं, तारीख लिहून ठेवा.

आणखी एक. याच कायद्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे, आणि त्यात पैसे घेऊन किंवा न घेता काळजी घेणारे आईवडील व घरचे लोक येतात. कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचाही उल्लेख आहे, तो प्रत्यक्ष मिळायला राज्याची योजना लागते. उत्पन्न कमी असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी नक्की करा.

प्रश्न : चौदा वर्षं मी एकटी यांचं करतेय. दीर पुण्याला आहेत, फोन करतात. रात्री तीनदा उठावं लागतं. मी चिडते, मग रडू येतं. हे कुणाला सांगावं?
– नाव नको, नंदनवन

उत्तर : ताई, तुमच्या चिडण्याचं कारण स्वभाव नाही, झोप आहे. म्हणून आधी रात्र धरू. तीनदा कशासाठी उठता ते आठवडाभर लिहा. लघवीसाठी असेल तर वर सांगितलेली तपासणी, आणि पुरुषांसाठी रात्रीपुरतं कंडोम कॅथेटर, म्हणजे कंडोमसारखं बाहेरून चढवायचं, पिशवीला जोडलेलं. पेटक्यांसाठी असेल तर बॅक्लोफेनच्या रात्रीच्या डोसची वेळ डॉक्टरांशी बोलून बदलता येते. कूस बदलण्यासाठी असेल तर आळीपाळीनं फुगणारी एअर मॅट्रेस मदत करते, मात्र ती आली म्हणून कूस बदलणं सुटत नाही. तीनदाचं एकदा झालं तरी तुम्ही वेगळ्या व्हाल.

मग दिरांचं. "मदत करा" म्हटलं की समोरचा "हो, सांगा ना" म्हणतो आणि तिथेच थांबतं. काम नाव घेऊन सोपवा. औषधं मागवणं, विम्याचे कागद, पोर्टलवरचे अर्ज, अपॉइंटमेंट, हे सगळं पुण्यातून होतं. आठवड्यातून दोन रात्रींच्या अटेंडंटचा पगार त्यांनी द्यावा, असं आकड्यासकट सांगा. मेमध्ये दहा दिवस इथे येऊन राहा, असंही सांगा. हे मागण्यात कमीपणा नाही. भाऊ त्यांचाही आहे.

कुणी दुसरं माणूस येणार तर एक कागद फ्रिजवर लावा : औषधं आणि वेळा, खुर्चीत कसं घ्यायचं, कशाचं गिळताना ठसकतं, कुणाला फोन करायचा. हा कागद नसल्यानंच बायका घराबाहेर पडू शकत नाहीत. नवीन अटेंडंटसोबत पहिले काही दिवस तुम्ही थांबा, पलंगावरून खुर्चीत घेणं तिच्या हातून करून घ्या, मग दुपारी तीन तास बाहेर जा. किराणा आणायला नाही. झोपायला जा, बहिणीकडे जा. मुलांना पाणी देणं, गप्पा मारणं सांगा. उचलणं आणि कॅथेटर त्यांच्यावर टाकू नका.

मिस्टरांच्या वागण्यातही आजार असू शकतो. एमएसमध्ये विचार मंदावतात, तेच परत विचारलं जातं, कारण नसताना हसू-रडू फुटतं. नैराश्यही खूप आढळतं आणि त्यावर उपचार आहेत. त्यांनी किंवा तुम्हीही "जगून काय करायचं" असं म्हटलं, मनात जरी आलं, तरी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. दिवसरात्र, मोफत, मराठीत बोलता येतं. एमएसच्याच घरांशी बोलायचं असेल तर १९८५ मध्ये सुरू झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया आहे, मुंबई-पुण्यात तिच्या शाखा आहेत. आणि तुमचं बीपी, साखर शेवटचं कधी तपासलं? याच आठवड्यात तपासून घ्या.

प्रश्न : इंटरफेरॉनची इंजेक्शनं फ्रिजमध्ये असतात. लाइट गेली तर? आणि विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला न्यायची असतील तर?
– धरमपेठ

उत्तर : इंटरफेरॉन, म्हणजे एमएसचे अटॅक कमी करणारं औषध, २ ते ८ अंश तापमानात ठेवायला हवं. फ्रिजच्या दारात ठेवू नका, तिथे तापमान सारखं वरखाली होतं. फ्रीजरच्या पत्र्याला चिकटूनही नको, गोठलं की औषध वाया. मधल्या कप्प्यात, सोबत एक छोटा थर्मामीटर. लाइट गेली तर फ्रिज उघडू नका, बंद फ्रिज साधारण चार तास थंडी धरतो. त्याहून लांबलं तर थर्मामीटर बघून, पत्रकातल्या मुदतीशी ताडून फार्मासिस्टना विचारा.

ग्लाटिरामरसारखी काही इंजेक्शनं महिनाभर फ्रिजबाहेर चालतात असं लिहिलेलं असतं, पण ते १५ ते ३० अंशांपर्यंत. मेमधली नागपूरची खोली त्यात बसत नाही. प्रवासात रुंद तोंडाचा थर्मास किंवा लसीचा डबा घ्या. आइसपॅक कापडात गुंडाळा आणि इंजेक्शनचा बॉक्स त्याला थेट लागू देऊ नका. डॉक्टरांचं पत्र सोबत ठेवा. टोचण्याआधी वीस-तीस मिनिटं बाहेर काढा म्हणजे झोंबणार नाही, गरम पाण्यात मात्र बुडवू नका. दरवेळी जागा बदला, आणि रात्री ताप-अंगदुखी येत असेल तर पॅरासिटामॉल आधी घ्यावं का ते डॉक्टरांना विचारून ठेवा.